आधी लोड सांग

गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. बोट धूत होतो.

इथे मिनेसोटात ऑक्टोबर संपत आला की तळ्यांवरच्या बोटी एकेक करून गायब व्हायला लागतात. कुणी गॅरेजमध्ये ढकलतं, कुणी अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवतं. मग तळी गोठतात आणि एप्रिलपर्यंत विषय बंद. आमचीही बोट आहे. 'बोट' म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांच्या डोळ्यासमोर पांढरीशुभ्र, वर पार्टी चाललेली काहीतरी चीज येते, म्हणून आधीच सांगतो. १४ फुटी ॲल्युमिनियमचं डबडं आहे ते. शेजारच्या आजोबांनी गुडघे दुखतात म्हणून काढून टाकलं, आणि मी नि माझ्या रूममेटने निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलं. पेट्रोलचं इंजिन नाही. मागे एक छोटी विजेची मोटर, तिला १२ व्होल्टची बॅटरी, संपला संसार.

या मोटरला ट्रोलिंग मोटर म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे जालावर लोकांच्या खोड्या काढतात ते नव्हे. पाण्यात गळ सोडायचा आणि बोट अगदी हळू चालवत तो मागून ओढत न्यायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. (जालावरचे ट्रोलही गळच टाकतात म्हणा.) आणि ही मोटर या भागातलीच लेक आहे. १९३४ साली शेजारच्या नॉर्थ डकोटात, फार्गो गावी, ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीची स्टार्टर मोटर काढली, तिला दांडा आणि पंखा जोडला आणि बोटीला लावली. त्यातून निघालेल्या कंपनीचं नाव मिन कोटा. मिनेसोटा आणि डकोटा मिळून.

तर या वर्षी मला जुन्या मोटरच्या जागी नवी घ्यायची होती. ती मी घेतली, चुकीची घेतली, आणि त्यापायी मे महिन्यात माझ्या वडिलांना एका गार तळ्याच्या मध्यावर अडकवून ठेवलं. आजचा लेख त्याबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथेच सुटता येईल: मोटर बदलायची असेल तर मोटर सगळ्यात शेवटी निवडा.

आता सविस्तर.

माझ्या वडिलांचं तासगावला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जळकं वाइंडिंग काढायचं, नवी तार भरायची, बेअरिंग बदलायचं, वॉर्निश मारून वाळवायचं. तीस वर्षं हेच. माझं इंजिनिअरिंग त्याच दुकानाच्या पैशांवर झालं. दुकानात एखादा शेतकरी येऊन म्हणायचा, "मला साडेसातची मोटर पायजे, शेजाऱ्यानं घेतलीया." बाबांचा ठरलेला प्रश्न असायचा, "आधी लोड सांग. मोटर मग बघू." मग विहीर किती खोल, पाणी किती लांब न्यायचंय, पाइप किती इंची, डीपीपासून वायर किती लांब, असली उलटतपासणी. लहानपणी मला वाटायचं, गिऱ्हाईक पैसे घेऊन आलंय, देऊन टाकावी ना मोटर!

एप्रिलमध्ये मी व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगितलं की जुनी मोटर गेली, नवी घेतोय, ५५ पौंडांची. त्यांनी विचारलं, "लोड किती?" मी म्हणालो, "बाबा, हे पंपासारखं नसतं."

हे वाक्य लिहून ठेवतोय. विसरू नये म्हणून.

५५ पौंड म्हणजे मोटरचं वजन नव्हे, तिचा रेटा. ट्रोलिंग मोटरी हॉर्सपॉवरवर नाही, रेट्याच्या पौंडांवर विकल्या जातात. ३०, ४०, ४५, ५५ असे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. साधारण ५५ पर्यंत एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर भागतं. ८० च्या आसपासच्यांना २४ व्होल्ट लागतात, त्याच्या वरच्यांना ३६. मग माझ्यासारखा माणूस काय करणार? एका बॅटरीवर चालणारी सगळ्यात मोठी कोणती? ५५. आण इकडे. लॅपटॉप घेताना जास्तीत जास्त रॅम घेतो, तसंच. उद्या लागलं तर असू दे.

दुकानात उभा राहून मी फोनवर हिशेबही केला होता, असं नाही की केला नाही. इथला सर्वमान्य ठोकताळा असा की माणसं-सामानासकट बोटीच्या दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड रेटा हवा. माझी बोट २२० पौंड, आम्ही दोघं मिळून ३२०, बॅटरी ६०, गळ, नांगर, डबा-पाणी धरून ५०. झाले ६५०. म्हणजे १३ पौंड पुरतात! वारा, लाटा आणि तिसरा माणूस धरून दुप्पट-तिप्पट केलं तरी ३०-४० च्या वर जात नाही. आकडा समोर होता. तरी मी ५५ घेतली, कारण १३ हा आकडा फारच बिचारा वाटला.

शनिवारी सकाळी बाबांना घेऊन गेलो. आईबाबा मेच्या पहिल्या आठवड्यात आले होते. आईने "मला पाण्याची हौस नाही, मासा आणलात तर साफ करून देईन" म्हणत घरी राहणं पसंत केलं. वॉलाय या माशाचा हंगाम नुकताच उघडला होता. वॉलाय हा मिनेसोटाचा राज्यमासा, आणि हंगामाचा पहिला शनिवार इथे आपल्याकडच्या दिवाळीच्या खरेदीसारखा साजरा होतो. आम्ही गर्दी टाळून एक आठवडा उशिरा निघालो. तळं मध्यम, या काठापासून त्या काठापर्यंत दीड-एक किलोमीटर. वारा पाठीमागून होता. मी मोटर पाचव्या गतीवर टाकली आणि बाबांना ऐट दाखवत पलीकडे घेऊन गेलो. मग दोन तास निवांत ट्रोलिंग. एक वॉलाय मिळाला, तोही बाबांना. सगळं कसं झकास.

परत निघालो तेव्हा वारा समोरून, आणि चांगलाच वाढलेला. पुन्हा पाचवी गती. दहा मिनिटं झाली असतील. मोटरचा आवाज उतरत गेला, गाणं संपताना हळू होतं तसा. बोट पुढे जायची थांबली, मग आडवी झाली, आणि लाटा बाजूने आपटायला लागल्या. बाबांनी वायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "वायर तापलीया." त्यांचा पुढचा प्रश्न होता, "वल्ही कुठायत?"

वल्ही गॅरेजमध्ये होती. एवढी ५५ पौंडांची मोटर असताना वल्ही कशाला? जागा अडते.

मेच्या मध्यावर इथल्या पाण्याचं तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. बाबा विहिरीत उड्या मारत पोहायला शिकलेले, पण अशा पाण्यात पोहता येणं हा मुद्दाच नसतो. पडल्यावर पहिलं एक मिनिट माणूस नुसता धापा टाकतो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि त्यानंतर ते ऐकेनासे होतात. अंगावर लाइफ जॅकेट असेल तरच पुढचा तासभर हातात राहतो. बाबांनी जॅकेट घातलं होतं, कारण मी बळेच घालायला लावलं होतं. माझं मी बुडाखाली घेऊन बसलो होतो, गादीसारखं. बोटीचा मागचा काठ बुटका असतो, आणि बॅटरी मी पुढे हलवली असली तरी आम्ही दोघंही मागे मोटरपाशी गोळा झालो होतो. दोन लाटा आत आल्या. बाबा शांतपणे म्हणाले, "मागं बसू नको. मधी ये. आणि ते अंगात घाल."

अर्ध्या तासाने एका कुटुंबाच्या मोठ्या सपाट बोटीने आम्हाला दोर टाकला आणि ओढत काठावर आणलं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे बघून हात हलवत होती. माझ्या आयुष्यातल्या लाजिरवाण्या क्षणांची यादी कधी केली तर हा पहिल्या तिनात असेल.

परतताना गाडीत बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कागद मागितला.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यावरचा हिशेब इथे देतो, कारण खोक्यावर तो छापलेला नसतो.

५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास करंट खाते. १२ व्होल्टने गुणा, ६०० वॅट. बाबा म्हणाले, "हे तर पाऊण एचपी झालं, अन् तू मला पंचावन सांगतोस!" ट्रोलिंग मोटरींचा ढोबळ नियमच आहे, जेवढे पौंड रेटा, साधारण तेवढे अँपिअर. आता बॅटरी. माझ्या बॅटरीवर ८० अँपिअर-अवर लिहिलंय. पण हा आकडा वीस तासांत हळूहळू वापरली तर, म्हणजे ४ अँपिअरने, मिळतो. ५० ने ओढली तर त्यातलं बरंच मिळतच नाही. शिवाय शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे धडधाकट बॅटरीतही खात्रीने वापरता येण्याजोगे ४० अँपिअर-अवर. पाचव्या गतीवर पाऊण तास. आणि माझी बॅटरी धडधाकट नव्हती. ती अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये चार्ज न करता पडली होती. अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची जाते.

बाबांनी हे एका वाक्यात सांगितलं. "विहिरीला झरा नाही अन् तू धाचा पंप बसवलास. पंप मोठा घेतला म्हणून पाणी वाढत न्हाई, विहीर लवकर आटती."

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याला बॉटलनेक म्हणतात, आणि मुलाखतीत दर दुसऱ्या माणसाला मी त्यावर प्रश्न विचारतो.

मग वायर. बॅटरी पुढे ठेवली तर बोटीचा तोल चांगला राहतो, म्हणून मी मोटरची वायर १० फूट वाढवली होती. घरात पडलेली १२ गेजची जोडून. जाऊन-येऊन २० फूट. अशा वायरमध्ये ५० अँपिअरला दीड व्होल्टच्या वर गळती होते. १२ मधले दीड व्होल्ट म्हणजे आठवा हिस्सा वाटेतच वायर तापवण्यात जातो. तीच वायर ६ गेजची जाड घेतली असती तर गळती अर्ध्या व्होल्टच्याही आत राहिली असती. डीपीपासून लांब शेतात बारीक वायर ओढून मोटर चालवणारे लोक बाबांच्या दुकानाचं हक्काचं गिऱ्हाईक. तिथे व्होल्टेज पडलं की पंपाची मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. ट्रोलिंग मोटर डीसी, कायम चुंबकाची. ती तशी जळत नाही, नुसती मंदावते. एवढाच काय तो फरक. म्हणजे माझं "हे पंपासारखं नसतं" इतपतच खरं होतं. आणि मध्ये सर्किट ब्रेकरही नव्हता. या आकाराच्या मोटरींना ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळ लावायला सांगतात. तो नसताना वायरचं इन्सुलेशन वितळून शॉर्ट झाली असती, तर तळ्याच्या मध्यावर आगीचा बंदोबस्तही करावा लागला असता.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागली, कारण ती मी कॉलेजात शिकलोय. पाण्यात वेग दुप्पट करायला रेटा साधारण चौपट लागतो आणि ताकद आठपट. उलटं बघा. रेटा निम्मा केला तर वेग निम्मा होत नाही, फक्त तीस टक्के कमी होतो, आणि बॅटरी मात्र दुपटीपेक्षाही जास्त टिकते. त्यातून या मोटरींच्या पंख्याचा आकारच असा असतो की कितीही पौंडांची घ्या, बोट ताशी ४-५ मैलांच्या पुढे फारशी जात नाही. जास्त पौंड म्हणजे जड बोट ढकलण्याची ऐपत, जास्त वेग नव्हे. आणि वॉलायसाठी ट्रोलिंग करतात ताशी १ ते २ मैलाने! म्हणजे जो वेग मला नकोच होता आणि मिळणारही नव्हता, त्यासाठी मी बॅटरीचं रक्त शोषलं.

आता काही जण म्हणतील, अरे पण हाताशी जास्त ताकद असलेली काय वाईट? वापरू नकोस पूर्ण जोर. मुद्दा बरोबर आहे. वाऱ्यात राखीव रेटा लागतो, आणि मोठी मोटर निम्म्या जोरात चालवणं हे लहान मोटर जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा बरंच. पण यात दोन मेख आहेत. एक, राखीव ताकद बॅटरीत असते, मोटरमध्ये नाही. मोटरमध्ये फक्त ती उधळण्याची सोय असते. दोन, माझी मोटर होती पाच गतींची स्वस्तातली. तिच्यात कमी गतीला करंट एका रेझिस्टन्समधून जातो आणि वाचलेली बरीचशी वीज उष्णता होऊन पाण्यात जाते. खरी बचत हवी तर हवा तेवढा वेग मुठीने कमी-जास्त करता येणारी, वीज चालू-बंद, चालू-बंद अशा तुकड्यांत देणारी मोटर घ्यावी लागते. कमी वेगाला ती तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरवते. मी पौंडांसाठी पैसे मोजले आणि या गोष्टीसाठी मोजले नाहीत. खोक्यावर ती बारीक अक्षरात होती.

दुसरा आक्षेप माझ्या ऑफिसातल्या मित्राचा. तो म्हणतो, घ्यायचीच तर जीपीएसवाली घे. बटण दाबलं की बोट एका जागी उभी राहते, नांगर टाकायला नको. खरं आहे, अप्रतिम प्रकार आहे. मी त्याच्या बोटीवर तासभर नुसता त्याचा अल्गोरिदम बघत बसलो होतो. पण ती मोटर एका जागी उभी राहते म्हणजे वाऱ्याशी सतत भांडत असते, आणि भांडणाचं बिल बॅटरी भरते. त्याच्याकडे मोठी बोट, पुढच्या टोकाला बसवलेली मोटर, तीन बॅटऱ्या आणि शिवाय पेट्रोलचं इंजिन आहे. माझ्या डबड्याला २० डॉलरचा नांगर पुरतो. आपल्याला सॉफ्टवेअर आवडतं म्हणून प्रत्येक गोष्टीत ते घालायलाच हवं असं नाही. (हे वाक्य माझ्या मॅनेजरने वाचू नये.)

तर मोटर बदलायची झाल्यास क्रम असा, माझ्या अनुभवाने आणि बाबांच्या कागदाने:

आधी पाणी बघा. तळं केवढं, वारा कसा, आणि सगळ्यात लांबच्या टोकाहून समोरचा वारा घेऊन परत यायला किती वेळ लागेल. जायला लागणारा वेळ मोजू नका, यायला लागणारा मोजा. मग भरलेल्या बोटीचं वजन. त्यातून किमान रेटा काढा आणि वाऱ्यासाठी तो दुप्पट-तिप्पट करा, बस. मग बॅटरी: किती अँपिअर, किती तास, आणि त्याला पुरेल अशी. पैसे थोडेच असतील तर बॅटरीवर जास्त घाला, मोटरवर कमी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या गेल्या काही वर्षांत पुष्कळ स्वस्त झाल्यात. १०० अँपिअर-अवरची बॅटरी २५ पौंडांच्या आसपास भरते, त्याच ताकदीची शिसं-आम्लाची ६० च्या वर, आणि लिथियमची जवळजवळ सगळी वापरता येते. फक्त दोन पथ्यं. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. आणि ती शिसं-आम्लासारखी आधी कुरकुरत नाही, शेवटपर्यंत जोरात चालते आणि एकदम बंद पडते. तेव्हा उरलेली वीज दाखवणारा मीटर लावाच. मग वायर आणि ब्रेकर. मग दांड्याची लांबी: पंखा पाण्याखाली निदान सहा इंच राहायला हवा, लाटांतसुद्धा, नाहीतर तो पाण्याऐवजी हवा घुसळतो. एवढं सगळं झाल्यावर मोटर जवळजवळ आपोआप ठरते. उरतो तो रंगाचा प्रश्न.

आणि वल्ही. हिशेब चुकला तरी घरी आणतात ती वल्ही.

मी ती ५५ वाली ऑफिसातल्या दुसऱ्या एकाला विकली. त्याची बोट भरल्यावर १८०० पौंडांची होते, त्याला ती योग्यच आहे. मी मुठीने वेग बदलणारी ४० पौंडांची घेतली, लिथियमची बॅटरी घेतली, वायर ६ गेजची. जून ते सप्टेंबर आईबाबा इथे असेपर्यंत आम्ही दर शनिवारी जात होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत बाबा दर दहा मिनिटांनी वायरला हात लावून बघायचे. तिसऱ्या फेरीपासून त्यांनी गळ हातातून सोडला नाही. जुलैत एकदा आईसुद्धा आली.

पण खरी चपराक अजून सांगायची आहे. ती जुनी मोटर, जिच्या जागी हे सगळं रामायण घडलं, ती कोपऱ्यात पडली होती. एक दिवस बाबांनी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून ती उघडली. पंखा काढला तर मागे दांड्याला मासेमारीची पारदर्शक दोरी गुंडाळलेली, वीत-दीड वीत. तीच दोरी फिरत फिरत ऑइल सीलमध्ये घुसते, सील कापते आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. या मोटरींचा सगळ्यात नेहमीचा मृत्यू हाच. गेल्या वर्षी शरदात ती गुरगुरायला लागली होती, तेव्हाच पाणी शिरलं असणार. मी तशीच गॅरेजमध्ये टाकली. पाणी आतच राहिलं, हिवाळ्यात गोठलं, आणि वसंतापर्यंत आर्मेचर आणि बेअरिंग गंजून एकजीव. कार्बन ब्रश अजून निम्मे शाबूत होते. बाबांनी आर्मेचर उजेडात धरून फिरवलं आणि परत पेपरवर ठेवलं. "गेल्या साली उघडली असतीस तर एक सील बदलून भागलं असतं."

एक सील. आणि मी चार आठवडे ५५ की ४५ यावर जालावरची परीक्षणं वाचत होतो.

इंजिनिअरिंगची पदवी असून ती मोटर उघडून बघायचं मला सुचलं नाही. नवीन काय घ्यावं हे मात्र लगेच सुचलं. तुमच्याकडे बोट असण्याची शक्यता कमी आहे, पण इन्व्हर्टर, एसी, गिझर, गेला बाजार लॅपटॉप तरी असेलच. नवा घ्यायला निघालात की जुना कशाने गेला हे आधी बघा. ते कळलं नाही तर नवाही त्याच वाटेने जाणार.

असो. आईबाबा गेल्या महिन्यात परत गेले. उद्या रविवार, उरलेलं काम उरकायचंय. पंखा काढून दोरी आहे का बघायचं, बॅटरी वर आणून उबेला ठेवायची, बोटीचं बूच काढून ठेवायचं. काल फोनवर बाबांना यादी वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वल्ही बोटीतच ठेव. गॅरेजात नको."